फुलांचं वजन

शेपूट धरलं तेव्हाच मला शंका आली.

इंजिन सुरू करताना शेपूट मी धरायची, हे आमचं ठरलेलं. हे पुढे उकिडवे बसून प्रोपेलर फिरवणार आणि मी मागे गुडघे टेकून शेपूट दोन्ही हातांनी धरून ठेवणार. नाहीतर इंजिन पेटल्याबरोबर विमान पळत सुटायचं. चार वर्षांत ते वजन माझ्या हातांच्या ओळखीचं झालं होतं. कमरेवर घेतलेली कळशी काठोकाठ भरली आहे की चार बोटं कमी आहे, हे आत न बघता कळतं ना, तसं. त्या सकाळी शाळेच्या मैदानावर मी शेपूट जरा उचलून बघितलं, खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं.

“अहो, जड लागतंय.”

“फुलं आहेत ना पोटात,” हे पुढून म्हणाले.

“फुलं धरूनच म्हणतेय. गेल्या रविवारी एवढं नव्हतं.”

ह्यांचा हात प्रोपेलरवर थांबला. तेवढ्यात मगदूम लगबगीने आले. मगदूम त्या हायस्कूलच्या महोत्सव समितीचे सचिव आणि त्याच्या कितीतरी आधी ह्यांचे विद्यार्थी. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, छातीवर रिबिनीचं फूल, कपाळावर घाम.

“सर, पाहुणे आले. गाडी फाटकात शिरली. आता वेळ नको.”

“फुलं किती भरलीस रे?”

“तुम्ही सांगितली तेवढीच. दोन डबे.”

“डबा मी दिलेलाच ना?”

“तोच की, सर. तुमची शिस्त आम्हाला माहीत नाही व्हय? वर्कशॉपात एक रंधा जागेवर ठेवला नाही म्हणून मला दिवसभर उभं केलं होतं तुम्ही.”

हे हसले. माझ्याकडे मान वळवून म्हणाले, “दोन डबेच आहेत. धर नीट.”

मी धरलं.

या गोष्टीला आता तीसएक वर्षं झाली. हे सांगलीच्या एका तंत्रनिकेतनात वर्कशॉप शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला निघतात, ह्यांनी विमान बांधायला घेतलं. खेळण्यातलं नव्हे. रेडिओवर उडणारं, एकावर एक असे दोन पंख असलेलं, जुन्या लढायांच्या फोटोंत असायची तसलं. वरचा पंख चांगला नऊ फुटांचा. इंजिन औषध फवारणीच्या पंपाचं. सांगाडा लाकडाचा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. ते कापड मी शिवलं, एकेका फासळीला टाके घालत. त्यावर मारायच्या वार्निशचा वास आमच्या पडद्यांत इतका मुरला होता की पाहुणे दारातच विचारायचे, घराला रंग काढलाय का म्हणून.

आमच्याकडे आमटीत मीठ अंदाजाने पडायचं, पण खिळे तोलून वापरले जायचे. कारण पहिल्या वर्षी ते विमान तेरा किलोचं झालं होतं. उडालं, नाही असं नाही. पण गाभण म्हशीने बांध चढावा तसं. मग ह्यांनी ते सोललं. फळ्यांना भोकं पाडली, बोल्ट आखूड केले, लोखंडी सळीच्या जागी बांबू घातला. मी खालच्या पंखाचा रंगाचा एक थर खरवडून काढला. असं करत करत ते अकरा किलोवर आलं, आणि मग ते खरं विमान वाटायला लागलं.

“दोन पंख आहेत म्हणून लोकांना वाटतं, दुप्पट उचलेल,” हे सांगायचे. “उचलतं थोडं जास्त, पण अडतं फार. खांब, तारा, सगळं वाऱ्याला आडवं येतं. एका पंखाच्या विमानाचं इंजिन बंद पडलं तर ते घारीसारखं तरंगत येतं. आपलं तरंगत नाही. जिन्यावरून घसरल्यासारखं येतं. आणि त्यात जड झालं, तर त्याला जास्त वेग लागतो. वेग कमी पडला की वळणावर आतला पंख उचलायचंच सोडून देतो. तो एकदा पडला की विमान गेलं.”

हे सगळं मला पाठ होतं, कारण ते मला पाठ असणं गरजेचं झालं होतं.

त्या सकाळच्या दोन वर्षं आधी मिरजेच्या डॉक्टरांनी ह्यांना काचबिंदू सांगितला होता. “नळीतून बघितल्यासारखं दिसत जाईल,” ते म्हणाले होते, “आणि ती नळी हळूहळू बारीक होईल.” तसंच झालं. ह्यांना हातातला स्क्रू दिसायचा, भिंतीवरचं घड्याळ दिसायचं, शब्दकोडं सुटायचं. पायाशी ठेवलेली बादली दिसायची नाही. बाहेरच्या कुणाच्या ते लक्षात आलं नाही, कारण बादली कुठे ठेवायची ते मी बघत होते. पण आभाळ काही मला आवरून ठेवता येईना. एवढ्या मोठ्या आभाळात त्या बारीक नळीतून विमान शोधायचं म्हणजे कठीण. म्हणून मी ह्यांच्या डाव्या खांद्यामागे उभी राहून सांगायला लागले. बघणाऱ्यांना वाटायचं, नवऱ्याच्या कौतुकाने उभी आहे.

“तू दिशा दिलीस की मला सापडतं,” हे म्हणायचे. “सापडलं की पुढचं माझं मी बघतो. मधे निसटलं तर पुन्हा सांग.”

समोरून येणाऱ्या विमानाचा डावा पंख आपल्या उजव्या हाताला असतो. सुरुवातीला माझी तिथे फार गडबड व्हायची. तेव्हा ह्यांनी एक युक्ती सांगितली. “तू जमिनीवर उभी राहून बोलूच नकोस. विमानात बसून बोल.” तेव्हापासून मी विमानात बसायला लागले. पाय जमिनीवर आणि मी वर, तारांच्या मधल्या त्या रिकाम्या बैठकीत. डावा म्हटलं की माझा डावा.

मगदूम आमंत्रण घेऊन आले तेव्हा मी ह्यांना आत बोलावून म्हटलं होतं, “माणसं जमतात तिथे नको.”

“माणसांवरून नेणारच नाही मी. समोरून, लांबून नेईन. फुलं पाहुण्यांच्या पुढ्यात पडतील, झालं.”

“आणि नाही सापडलं तर?”

“तू आहेस की.”

मैदान लांबोडकं होतं. पूर्वेच्या टोकाला मांडव. मांडवाच्या पुढे सतरंज्यांवर शाळेची पोरं ओळींत बसलेली, पांढरे सदरे आणि निळ्या चड्ड्या, मुलींच्या लाल रिबिनी. पश्चिमेच्या टोकाला कुंपण, कुंपणापलीकडे उसाचा लांब पट्टा, तोडणीला आलेला, वर तुरे. त्यापलीकडे नदी. वारा नदीकडून येत होता. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडवायचं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरवायचं, हा नियम. म्हणजे जाताना उसाकडे जायचं आणि उतरताना मांडवाच्या बाजूने यायचं. मांडवाला वळसा घालून मैदानात शिरण्याइतकी जागा उत्तरेला होती. ह्यांनी आदल्या दिवशी येऊन ती पावलांनी मोजली होती. हलक्या विमानाला ती पुरली असती.

इंजिन पेटलं. हे उठून ट्रान्समीटर गळ्यात अडकवून मैदानाच्या कडेला उभे राहिले. त्यांनी मान हलवली, मी शेपूट सोडलं आणि लगबगीने त्यांच्या खांद्यामागे येऊन उभी राहिले.

मैदानाच्या मधोमध चुन्याची रेषा मारली होती, कबड्डीची असेल. एरवी तिथवरच्या निम्म्या अंतरात आमची चाकं उचलली जायची. रेषा आली आणि गेली.

“धावतंय अजून,” मी म्हणाले.

“धावू दे. वेग भरू दे.”

“कुंपण आलं.”

ह्यांनी अंगठा अगदी अलगद मागे घेतला. चाकं सुटली. विमान कुंपणावरून गेलं, उसाच्या तुऱ्यांना घासून जातंय की काय असं वाटेस्तोवर खालून, आणि मग चढायला लागलं. मांडवातून टाळ्या पडल्या. लाऊडस्पीकरवर कुणीतरी ह्यांचं, चौगुले सरांचं, नाव घेऊन काहीतरी म्हणालं.

“सरळ आहे,” मी म्हणाले. “चढतंय, पण ओढून नेल्यासारखं चढतंय.”

“थ्रॉटल पूर्ण आहे माझं.” एवढ्या उंचीवर ते एरवी निम्म्यावर आणायचे. “डावीकडे वळवतो आता.”

“वळवा. हळू.”

वळण नीट सुरू झालेलं दिसलं तशी मी मान मागे वळवली. मगदूम आमच्या मागेच हात बांधून उभे होते.

“मगदूम, फुलं कुणी आणली होती?”

“आमच्या उपाध्येबाईंनी. काल संध्याकाळपासून पोरींना घेऊन पाकळ्या काढत बसल्या होत्या. गुलाब आहे सगळा, वहिनी. झेंडू नाही.”

“कोरडी होती का?”

“कोरडी कशी असतील?” मगदूमांना प्रश्नच कळला नाही. “पाहुण्यांवर टाकायची फुलं कोमेजलेली चालतील का? बाईंनी पाणी मारून ओल्या फडक्यात बांधून ठेवली होती. सकाळी सोडलं तर अशी टवटवीत. भरली मी स्वतः. डबे चांगले दाबून भरले, म्हटलं सरांच्या विमानाला चिमूटभर फुलं नकोत.”

गेल्या रविवारी आम्ही झेंडूच्या सुट्या पाकळ्या दोन डबे भरून तोलल्या होत्या. किलोभरसुद्धा भरल्या नव्हत्या. माप तेच म्हणजे वजन तेच, असं आम्ही धरून चाललो होतो. पायली-अधोलीत वाढलेली माणसं आम्ही. डबा दिला, तराजू दिला नाही.

मी वर बघितलं. विमान वळणातच होतं आणि डावा पंख नको तितका खाली लोंबला होता. नाक वर आलं होतं. आवाज तोच, पण विमान पुढे जात नव्हतं.

“डावा पडलाय. अहो, डावा पडलाय. उजवीकडे घ्या. नाक खाली. नाक खाली.”

ह्यांचे दोन्ही अंगठे एकदम हलले. विमान जिन्यावरून घसरल्यासारखं खाली आलं, मांडवातून एक मोठा ‘हो’ उठला, पोरं हसली, त्यांना वाटलं कसरत केली. मग पंख सरळ झाले. तोवर ते उसापलीकडच्या बाभळींच्या उंचीवर आलं होतं.

“सरळ झालं,” मी म्हणाले. “आता चढवा. वळू नका, आधी वेग घ्या.”

“काय झालं?”

“फुलं ओली आहेत. दाबून भरलीत.”

“दोन डबे ओला गुलाब,” हे म्हणाले, “म्हणजे तीन किलो तरी. मग ते पहिल्या वर्षाच्या वरताण झालं.”

“टाकून देता येतील का? तिकडे नदीवर?”

“सर, नदीवर कशाला?” मागून मगदूम म्हणाले. “पाहुणे हार घालून उभे आहेत. फोटोवाला तयार आहे.”

“पुढची फेरी पाहुण्यांसमोरूनच नेतो,” हे म्हणाले. “लांबून. फुलं पडली की हलकं होईल. मग शांतपणे उतरवू. तू फक्त बोलत राहा.”

मी बोलत राहिले. नदीवरून मोठं, सपाट वळण घ्यायला लावलं, गाडा वळवतात तसं. मग मांडवामागून लांबून फिरून, उसाकडे तोंड करून मैदानाच्या दक्षिण कडेने ते आलं. पाहुणे पोरांच्या पुढे मोकळ्यात उभे होते, दोन्ही हात जोडून, मान वर करून. पोरांपासून विमान लांब होतं, पण मला ते लांब वाटत नव्हतं.

“उजवीकडे जरा. सरळ. सरळच ठेवा. पंख सपाट आहेत. येतंय, येतंय. आता.”

ह्यांनी बटण दाबलं. पोटाखालची झडप उघडली. उघडी झडप मला स्पष्ट दिसली, आतली लालीसुद्धा दिसली. पण खाली काही आलं नाही. पाहुण्यांना ओलांडून विमान चुन्याच्या रेषेशी पोचलं, तेव्हा एक गोळा सुटला आणि शेणाच्या गोवरीसारखा मैदानावर थापला गेला. पोरं खदखदा हसायला लागली.

“पडली?” ह्यांनी विचारलं.

“नाही. एक गोळा पडला. बाकीची चिकटून बसलीत.”

“मग झडप... थांब, मिटवतो.” बटण पुन्हा दाबलं. “मिटली?”

“नाही. लोंबतेय तशीच.”

लोंबणारी झडप म्हणजे वाऱ्याला आणखी एक आडवी फळी. अकरा किलोंवर तीन किलो, त्यात ही फळी. विमान उसावरून गेलं आणि इंजिनाचा आवाज बदलला. एवढा वेळ पूर्ण थ्रॉटलवर ते कधीच चाललं नव्हतं. आवाज चिरकायला लागला, मधेच एखादा ठोका गळायला लागला.

“तापलंय,” हे म्हणाले. “फार वेळ देणार नाही ते. उतरवायला हवं. उत्तरेकडून वळसा घालून मांडवाच्या बाजूने आणतो.”

“मांडवाच्या बाजूने नको.”

“वारा नदीकडून आहे, दुसरं कसं आणणार?”

“वळसा घालताना तुम्हाला दोन वळणं घ्यावी लागतील. दुसरं वळण पोरांच्या डोक्याशी आहे. तिथे डावा पडला तर?”

“पडणार नाही. वेग ठेवतो.”

“इंजिन वेग ठेवू देईल का?”

विमान नदीच्या अंगाला होतं आणि एक-एक पायरी खाली उतरत होतं. मगदूम मागून काहीतरी विचारत होते, मी हाताने त्यांना गप्प केलं.

“उसात घाला,” मी म्हणाले.

“काय?”

“उसाच्या पट्ट्यात. लांबीने. दक्षिणेकडून उत्तरेकडे. पट्टा लांब आहे, कुठेही पडलं तरी उसातच पडेल. नाक एकदाही माणसांकडे करायचं नाही.”

“अगं, मोडेल ते.”

“मोडू दे.”

चार वर्षं, ती भोकं पाडलेली लाकडं, ते टाके, सगळं माझ्याही डोळ्यांसमोर आलं. ह्यांच्या डोळ्यांसमोर काय आलं ते मला कळायला मार्ग नव्हता. त्यांनी अंगठे दांड्यांवर नीट बसवले.

“सांग,” म्हणाले.

“आधी उजवीकडे. अगदी थोडं. एवढंच धरा. नाक वर घेऊ नका, वाटलं तरी घेऊ नका.”

“उंची?”

“बाभळींच्या वर. येतंय वळत. येतंय. आता सोडा. सरळ. उसाच्या टोकाशी आहात, ऊस खाली आहे. वारा डावीकडून ढकलतोय, डावा पंख किंचित खाली ठेवा. किंचित. बस.”

“थ्रॉटल कमी करू?”

“नको. कमी केलं की दगड होईल. तुम्हीच सांगता ना. तसंच ठेवा, नाक जरा खाली, जरा. उतरतंय. अजून. तुरे चाकांच्या हातभर खाली आहेत.”

“सांग कधी.”

“अजून नाही. अजून नाही. तुरे लागले चाकांना. आता बंद.”

इंजिनाचा आवाज तुटला. क्षणभर काहीच नाही. मग उसात रेडकू शिरल्यासारखा लांबलचक खसखसाट झाला, काहीतरी काडकन मोडलं आणि शांत झालं. पट्ट्याच्या मधोमध तुरे हलत राहिले. वर एक लाल शिंतोडा उडाला, तो पाकळ्यांचा. अखेर त्या सुट्या झाल्या होत्या.

मांडवात टाळ्या पडायला लागल्या. पोरं ओळी मोडून उसाकडे धावत सुटली, मास्तर त्यांच्या मागे. मी उभ्या जागी खाली वाकून गुडघ्यांवर हात टेकले. हसू येत होतं.

“ऊस शाबूत, पोरं शाबूत,” मी म्हणाले. “खालचा पंख गेला असेल, तेवढाच. शिवता येईल.”

मी मान वर करून बघितलं. ते तसेच उभे होते. हनुवटी वर, नजर आभाळात, नदीच्या दिशेने कुठेतरी. दोन्ही अंगठे ट्रान्समीटरच्या दांड्यांवर, अजून बारीक बारीक हलत असलेले.

“उतरलं?” त्यांनी विचारलं.

“अहो, केव्हाच. समोर तर उतरलं.”

“आवाज थांबला म्हणून विचारलं.”

मी सरळ झाले.

“तुम्हाला दिसलं नाही? एवढं समोरून गेलं, पाहुण्यांसमोरून?”

“चाकं सुटली तेवढं दिसलं.” त्यांनी अंगठे उचलले, बोटं उघडझाप केली. “मग नाही.”

“मी दिशा देत होते ना?”

“देत होतीस. सापडलं नाही.”

“आज सापडलं नाही?”

पोरांचा गलका उसातून येत होता.

“दसऱ्यापासून सापडलेलं नाही,” ते म्हणाले. “एकदा सापडलं असं वाटलं होतं, ती घार निघाली. तू बोलतेस तसं मी करतो. चाललंय व्यवस्थित.”

दसऱ्यापासून म्हणजे किती रविवार गेले होते, मी मोजायला गेले नाही. मला दुसरंच काहीतरी आठवलं होतं.

“पहिल्या वळणावर,” मी म्हणाले, “मी मगदूमांशी बोलत होते. फुलांबद्दल. तेव्हा?”

“तेव्हा तू गप्प होतीस.”

“मग तुम्ही काय करत होतात?”

“वाट बघत होतो,” हे म्हणाले.

मांडवापुढच्या सतरंज्या रिकाम्या झाल्या होत्या. एका सतरंजीवर कुणाची तरी लाल रिबीन पडली होती. मी कोरडी होती का म्हणून विचारलं, मगदूमांनी बाईंचं कौतुक केलं, डबे कसे दाबले ते सांगितलं. तेवढा वेळ ते विमान कुणाचंच नव्हतं.

“पोरं बसली होती तिथे,” मी म्हणाले.

“हो.”

“मला सांगायचं होतंत.”

“सांगितलं असतं तर तू आली असतीस का?”

मी त्या रिबिनीकडे बघत राहिले.

मगदूम उसाकडून परत आले. पायजम्याला कुसळं, हातात मोडलेल्या प्रोपेलरचा तुकडा, तोंडभर हसू. “सर, काय सांगू तुम्हाला. पाहुणे म्हणाले, असं विमान उसात उतरवणं म्हणजे खायचं काम नाही. फुलं पडली नाहीत त्याचं काही मनावर घेऊ नका. बाई जरा खट्टू झाल्यात, मी समजावतो त्यांना. आता एक विनंती आहे. नाही म्हणायचं नाही.”

“काय रे?” ह्यांनी मगदूमांच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं आणि चेहऱ्यावर नेहमीचं मास्तरकीचं हसू आणलं. इतकं सहज आणलं की मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

“आमच्या गावच्या उरुसाला. मोठं मैदान आहे, चहूकडून लोक येतात. दुरुस्तीला लागेल तेवढा वेळ घ्या, पण विमान पाहिजे. आणि फुलं या वेळी मी कोरडी आणतो, वहिनींसमोर तोलून.”

“बघू,” हे म्हणाले. “पंख किती मोडलाय ते बघतो. जमेल असं...”

“हे उडवणार नाहीत,” मी म्हणाले.

मगदूम माझ्याकडे बघायला लागले. इतक्या वर्षांत ह्यांच्या बोलण्यामध्ये मी बोललेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

“म्हणजे उरुसाला नाही म्हणताय, वहिनी?”

“उरुसाला नाही आणि कुठेच नाही. हे आता विमान उडवणार नाहीत.”

“अहो, वहिनी घाबरल्या,” मगदूम हसत ह्यांना म्हणाले. “साहजिक आहे. सर, तुम्ही सांगा त्यांना.”

मीही वाट बघत होते. सांगतील, असं मला वाटत होतं. एखादा विनोद करतील, खांद्यावर हात ठेवतील, मला वेडी ठरवतील, आणि मग मला ते गुपित सगळ्यांसमोर बोलावं लागेल. ते बोलायची माझी तयारी झाली होती. शब्द अगदी ओठांवर होते.

ट्रान्समीटरची लांब अँटेना ह्यांनी एकेक नळी करत आत ढकलली, सावकाश, शेवटची नळी बसेपर्यंत. बटण बंद केलं. गळ्यातला पट्टा डोक्यावरून काढला, तो ट्रान्समीटरभोवती नीट गुंडाळला आणि हात पुढे करून तो माझ्याकडे दिला.

मी उभी होते तिथे तो आला नाही. त्यांचा हात माझ्या डावीकडे, चुन्याच्या रेषेच्या दिशेने, रिकाम्या जागेत पुढे झाला होता. मगदूमांचं हसू थांबलं. ते त्या हाताकडे बघत होते आणि मग ह्यांच्या डोळ्यांकडे.

“घे ना,” हे म्हणाले.

मी सरकले आणि त्या हातासमोर जाऊन उभी राहिले.